डॉकर कमांड लाइनवरून चालवताना या चुका टाळा

डॉकर प्रोग्रामला बाकी मशीनपासून वेगळं ठेवून चालवतो, त्या वेगळ्या कप्प्याला कंटेनर म्हणतात. तो सुरू केला आणि दोन सेकंदांत बंद पडला. ‘डॉकर पीएस’ द्यावी तर यादी रिकामी. म्हणून पुन्हा ‘डॉकर रन’, पुन्हा तेच. पाच प्रयत्नांनंतर ‘डॉकर पीएस -ए’ दिली की कळतं, पाच बंद कंटेनर ओळीने पडून आहेत आणि प्रत्येकाला डॉकरनेच काहीतरी नाव ठेवलं आहे. ‘पीएस’ फक्त चालू कंटेनर दाखवते. ‘रन’ दर वेळी नवा कंटेनर बनवते. जुनाच उठवायचा तर ‘डॉकर स्टार्ट’ आणि चालू कंटेनरच्या आत जायचं तर ‘डॉकर एक्झेक -आयटी’. एकदाच चालवून पाहायचं असेल तर ‘रन’ला ‘--आरएम’ जोडा, म्हणजे काम संपताच कंटेनर पुसला जाईल. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.)

बहुतेक गोंधळ एकाच समजुतीतून होतात: कंटेनर म्हणजे छोटा संगणक. तसं नाही. कंटेनर म्हणजे वेगळी ठेवलेली एक प्रोसेस. आत तिचा क्रमांक १ असतो आणि ती संपली की कंटेनर संपला. उबुंटू या लिनक्सची इमेज (ज्या साच्यातून कंटेनर बनतो तो) ‘-आयटी’शिवाय चालवली तर तिच्यातल्या बॅशला, म्हणजे कमांड वाचणाऱ्या शेलला, वाचायला काहीच मिळत नाही, तो लगेच बाहेर पडतो. यात बिघाड काहीच नाही. सर्व्हर मात्र नेहमी पुढे, म्हणजे फोरग्राउंडला, चालला पाहिजे. सुरुवातीच्या स्क्रिप्टने त्याला मागे ढकललं आणि स्क्रिप्ट संपली, की सर्व्हरही गेला.

आधी एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मागे ठेवते तो आकडा) बघा

‘डॉकर पीएस -ए’च्या स्टेटस रकान्यात कंसात जो आकडा असतो, तो वाचल्याशिवाय पुढची कमांड देऊ नका. १२५ या रकान्यात दिसत नाही, ‘रन’नंतर लगेच ‘एको $?’ दिल्यावर दिसतो; तो म्हणजे ‘डॉकर रन’च फसली, बहुधा पर्याय चुकीचा लिहिला. १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवता आली नाही, अनेकदा परवानगीचा प्रश्न. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. १२८च्या वरचा आकडा दिसला तर त्यातून १२८ वजा करा; उरतो तो प्रोसेसला मारणाऱ्या सिग्नलचा, म्हणजे तिला बाहेरून आलेल्या निरोपाचा, क्रमांक.

सगळ्यात जास्त डोकेदुखी १३७ची. १२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेसला सक्तीने मारलं. याची नेहमीची कारणं दोन, आणि त्यांचे उपाय एकमेकांशी संबंधित नाहीत. म्हणून आधी ‘डॉकर इन्स्पेक्ट’ देऊन स्टेटखालचं ‘ओओएमकिल्ड’ बघा. ते ट्रू असेल तर मेमरी कमी पडली: ‘--मेमरी’ची मर्यादा वाढवा किंवा प्रोग्रामची भूक कमी करा. ते फॉल्स असेल आणि कंटेनर तुम्हीच ‘डॉकर स्टॉप’ने थांबवला असेल, तर तुमचा प्रोग्राम थांबण्याचा निरोप ऐकतच नाही.

‘डॉकर स्टॉप’ आधी सिग्नल १५ (थांबण्याची विनंती) पाठवते, डीफॉल्टनुसार १० सेकंद वाट बघते आणि मग सिग्नल ९ (सक्तीने मारणं) देते. दर वेळी थांबायला बरोबर १० सेकंद लागत असतील तर समजा की पहिला सिग्नल वाया जातोय. डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बांधण्याच्या कृतीच्या फाइलमध्ये, ‘सीएमडी’ची (सुरुवातीची कमांड सांगणारी) ओळ साध्या वाक्यासारखी लिहिली की डॉकर ती शेलमार्फत चालवतो. मग क्रमांक १ शेलला मिळू शकतो, आणि शेल सिग्नल पुढे देत नाही. तीच ओळ चौकोनी कंसात, प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात आणि मध्ये स्वल्पविराम, अशी लिहा. सुरुवातीची स्क्रिप्ट असेल तर तिच्या शेवटच्या ओळीत मूळ कमांडच्या आधी शेलचं ‘एक्झेक’ लिहा, म्हणजे शेलची जागा ती कमांड घेते. एवढं करूनही भागलं नाही तर कारण कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे: क्रमांक १च्या प्रोसेसने सिग्नल १५ स्वतः हाताळला नसेल तर कर्नल तो तिच्यापर्यंत पोचवतच नाही. तेव्हा ‘रन’ला ‘--इनिट’ द्या, म्हणजे क्रमांक १ला एक छोटी प्रोसेस बसते आणि सिग्नल पुढे देते. डेटाबेसच्या बाबतीत हे सगळं मनापासून करा; अर्धवट लिहिताना मारलेला डेटाबेस पुन्हा उठताना आधी दुरुस्तीला बसतो.

स्क्रिप्ट समोर दिसतेय, तरी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं? ती विंडोजवर सेव्ह झालेली असण्याची शक्यता मोठी. पहिल्या ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जादा अक्षर राहतं आणि लिनक्स त्या अक्षरासकट शेलचं नाव शोधतो. ते अक्षर काढणारी ‘डॉस२युनिक्स’ कमांड फिरवा आणि इमेज पुन्हा बांधा.

पर्यायांची जागा आणि पोर्ट

‘रन’मध्ये इमेजच्या नावानंतर जे लिहाल ते आतल्या कमांडला जातं. ‘-पी ८०८०:८०’ शेवटी टाकलं तर पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार, उघडत नाही, उलट आतला प्रोग्रामच गोंधळतो. डावीकडचा आकडा तुमच्या मशीनचा, उजवीकडचा कंटेनरचा. आकडे बरोबर असूनही ब्राउझर जोडणी तुटल्याचं सांगत असेल तर प्रोग्राम आत १२७.०.०.१ वर ऐकत असेल. तो पत्ता कंटेनरचा स्वतःचा आहे, बाहेरून तिथे कोणी पोचत नाही. प्रोग्रामला ०.०.०.० वर ऐकायला सांगा.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. ‘-पी ५४३२:५४३२’ म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडलेलं दार. लिनक्सवर डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स (लिनक्सची फायरवॉल) नियम टाकतो, त्यामुळे ‘यूएफडब्ल्यू’ या फायरवॉलच्या साधनामध्ये पोर्ट बंद केलेलं असलं तरी ते बाहेरून उघडं राहतं. भाड्याच्या सर्व्हरवर ‘-पी १२७.०.०.१:५४३२:५४३२’ असंच लिहा. दोन कंटेनरांना आपसात बोलायचं असेल तर पोर्ट उघडायची गरजच नाही. ‘डॉकर नेटवर्क क्रिएट’ने नेटवर्क बनवा आणि दोघांना त्यात घाला, मग ते एकमेकांना नावाने सापडतात. डीफॉल्ट ब्रिजवर, म्हणजे काही न सांगता मिळणाऱ्या नेटवर्कवर, नावाने सापडत नाहीत.

डेटा

कंटेनरच्या आत लिहिलेलं त्या कंटेनरबरोबर जातं. ‘स्टॉप’ने जात नाही, ‘आरएम’ने जातं. म्हणून डेटा व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेरच्या साठ्यात, ठेवा आणि ‘-व्ही’ची डावी बाजू नीट लिहा. नुसतं ‘डेटा:’ लिहिलं तर ते डॉकरच्या ताब्यातलं व्हॉल्यूम, ‘./डेटा:’ लिहिलं तर तुमच्या चालू फोल्डरमधलं फोल्डर. फोल्डरच्या नावात चूक झाली तर ‘-व्ही’ तक्रार करत नाही, त्या नावाचं रिकामं फोल्डर बनवते आणि त्यामागे इमेजमधल्या फाइली झाकल्या जातात. ‘--माउंट’ अशा वेळी एरर देते, म्हणून तीच वापरलेली बरी.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमध्ये (‘रन’ला ‘-ई’ने दिलेल्या मूल्यांत) बदलला, कंटेनर नव्याने बनवला, तरी जुनाच चालतोय? तो बदल फक्त डेटा फोल्डर रिकामं असताना, पहिल्यांदा, वाचला जातो. आत ‘पीएसक्यूएल’ या पोस्टग्रेसच्या कमांडने जाऊन ‘ऑल्टर यूझर’ करा. व्हॉल्यूम पुसूनही नवा पासवर्ड लागू होतो, पण डेटा जातो. त्याच कारणाने ‘डॉकर कंपोज डाउन’ला (अनेक कंटेनर एकत्र बंद करणारी कमांड) सवयीने ‘-व्ही’ लावू नका; तिथे ती व्हॉल्यूमही पुसते.

डिस्क भरली की लोक थेट ‘प्रून’कडे, म्हणजे न वापरलेलं पुसणाऱ्या कमांडकडे, धावतात. आधी ‘डॉकर सिस्टम डीएफ’ देऊन जागा कशाने व्यापली ते बघा. त्यात कंटेनरांचे लॉग मोजलेले नसतात आणि अनेकदा खरे गुन्हेगार तेच. डीफॉल्ट ‘जेसन-फाइल’ लॉगला कमाल मर्यादा नाही, तो वाढतच राहतो. डॉकरच्या सेटिंगच्या ‘डीमन.जेसन’ फाइलमध्ये ‘मॅक्स-साइझ’ला १०एम आणि ‘मॅक्स-फाइल’ला ३ द्या आणि डॉकर रीस्टार्ट करा. जुन्या कंटेनरांना हे लागू होत नाही, ते नव्याने बनवावे लागतात. आत्ता लगेच जागा हवी असेल तर लॉगची फाइल ‘आरएम’ने पुसू नका; डॉकरने ती उघडी धरलेली असते, जागा सुटत नाही. ‘ट्रंकेट -एस ०’ने ती रिकामी करा.

साडेपाच तास मागे

कंटेनरमधलं घड्याळ सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. सकाळी ९ला लावलेलं क्रॉनचं (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामचं) काम भारतात दुपारी अडीचला चालतं. ‘-ई टीझेड=एशिया/कोलकाता’ द्या, पण उबुंटू आणि अल्पाइन या लिनक्सच्या मूळ इमेजमध्ये अनेकदा ‘टीझेडडेटा’ हे टाइमझोनच्या माहितीचं पॅकेज नसतं, त्यामुळे वेळ कोणतीही एरर न देता यूटीसीच राहते. उबुंटूमध्ये ‘डेट’ दिल्यावर वेळेपुढे ‘आयएसटी’ऐवजी नुसतं ‘एशिया’ छापलं तर हेच झालंय. पॅकेज टाका, किंवा ‘टीझेड=आयएसटी-५:३०’ द्या. त्यातलं वजा चिन्ह चुकीचं वाटतं, पण या लिखाणात ग्रिनिचच्या पूर्वेला वजाच असतं.