पाणी साठवणाऱ्या ड्रममधली फळझाडं: टाकी कधी भरायची, कधी कोरडी ठेवायची (मार्च ते जून)

गच्चीवर ड्रममध्ये फळझाडं लावलेल्यांना मार्च लागला की एकच काळजी असते: चार दिवस गावाला गेलो तर पाणी कोण घालणार? त्यावर उपाय म्हणून तळाशी पाण्याची टाकी असलेले ड्रम आता बऱ्याच घरांत दिसतात. झाड खालून, लागेल तसं पाणी ओढून घेतं आणि रोज पाईप धरून उभं राहावं लागत नाही. भाजीपाल्याला ही पद्धत छान मानवते. फळझाडाला जशीच्या तशी लावली तर झाड हिरवंगार राहतं, पण फळाचा पत्ता नसतो. म्हणून या उन्हाळ्यात पाणी भरण्याइतकंच पाणी तोडणंही, म्हणजे झाडाला ताण देणंही, शिकून घ्या.

माझ्या कागदी लिंबाचं हेच झालं होतं. ड्रममध्ये लावल्यावर दोन वर्षं पानं गडद हिरवी, फांद्या जोमदार, फूल मात्र एक नाही. खतं बदलली, जागा बदलली. दिवाळीनंतर श्रीगोंद्याचे मामा आले. त्यांचं सगळं आयुष्य लिंबाच्या बागेत गेलेलं. त्यांनी एक पान चुरगाळून वास घेतला आणि विचारलं, "ताण कधी दिला होतास?" मी म्हटलं, मामा, याच्या बुडाशी कायम पाणी असतं, ताण बसतच नाही. "मग फुलेल कशाला ते? त्याला बसल्या जागी ताट मिळतंय." डिसेंबरअखेर टाकी रिकामी केली. फेब्रुवारीत झाड फुलांनी भरलं आणि जूनमध्ये लिंबं उतरवली.

लिंबू, डाळिंब, पेरू ही बहार धरायची, म्हणजे ताण देऊन ठरावीक हंगामात फुलवायची झाडं. पाणी तोडलं की वाढ थांबते, अन्नसाठा फांद्यांत जमतो आणि पुन्हा पाणी मिळालं की झाड एकदम फुलावर येतं. आंबे (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा), मृग (जून-जुलै) आणि हस्त (सप्टेंबर-ऑक्टोबर) हे तिन्ही बहार याच तत्त्वावर चालतात. आंब्यालाही मोहोर यायच्या आधी, ऑक्टोबर ते डिसेंबर, कोरडा काळ लागतो. पाणी पुन्हा सुरू करायचं ते कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर. याउलट झाडावर फळ असताना टाकी एकदाही कोरडी पडता कामा नये. फळ पोसताना पाण्याची ओढ बसली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं की डाळिंब तडकतं, अंजीर फाटतं. इथे मात्र हे ड्रम जमिनीतल्या झाडापेक्षाही उजवे ठरतात, कारण ओल एकसारखी राहते. अंजिराचा मीठा बहार, म्हणजे उन्हाळी फळं, आत्ता झाडावर आहे. तो ड्रम मेपर्यंत भरलेलाच ठेवा.

नवा ड्रम करायचा असेल तर 200 लिटरचा निळा ड्रम मधोमध कापून दोन करा. त्यात आधी काय भरलं होतं ते विचारूनच घ्या. रसायनाचा असेल तर नको. तळाशी 14 सेंटीमीटर उंचीवर आधार येईल अशा प्लॅस्टिकच्या भोकाच्या टोपल्या पालथ्या ठेवा आणि मधली एक टोपली सुलटी ठेवून खाली सांगितलेल्या मिश्रणाने ठासून भरा. हीच टोपली पाण्यात पाय सोडून बसते आणि ओल वर चढवते. ती पोकळ राहिली तर टाकी भरलेली आणि झाड तहानलेलं, असा प्रकार होतो. भरायला एका कडेला दीड-दोन इंची पाईप तळापर्यंत उभा करा. जास्तीचं पाणी जायचं भोक तळापासून 12 सेंटीमीटरवर पाडा, म्हणजे पाणी आणि माती यांच्यात दोन सेंटीमीटर हवा राहते. अगदी तळाला बूच लावलेलं आणखी एक भोक हवंच, कारण ताण द्यायचा तो तिथूनच. एवढ्या टाकीत साधारण 25 लिटर पाणी मावतं. माझ्या पाच वर्षांच्या लिंबाला मे महिन्यात दिवसाला चार-पाच लिटर लागतं, म्हणजे पाच दिवसांची निश्चिंती.

टाकीत पाणी किती आहे हे कळायला थर्माकोलच्या तुकड्यात खराट्याची हीर खोचून ती पाईपमध्ये सोडा. पाणी भरलं की हीर वर येते, संपलं की खाली बसते.

शेतातली काळी माती ड्रममध्ये नको. ती ओली असताना मुळं गुदमरतात आणि सुकली की भेगा पडतात. धुतलेलं कोकोपीट चार भाग, गांडूळखत तीन भाग, लाल माती दोन भाग आणि भाताचा तूस किंवा विटांचा बारीक चुरा एक भाग, सोबत मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड, हे मिश्रण मला आजवर सगळ्यात चांगलं साधलं आहे. नवीन कलम लावल्यावर पहिले तीन-चार आठवडे वरूनच पाणी द्या; मुळं खाली पोचेपर्यंत टाकीचा उपयोग नाही. जातींचं म्हणाल तर लिंबात राहुरी विद्यापीठाची साई शरबती, डाळिंबात भगवा, पेरूत आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेला सरदार म्हणजेच एल-49, आणि आंब्यात दशहरी व नीलम यांच्या संकरातून आलेली बुटकी आम्रपाली. पपई या ड्रममध्ये लावू नका, बुंधा सडतो.

वजनाचा विचार ड्रम भरायच्या आधी करा. ओल्या मिश्रणाचा आणि भरल्या टाकीचा अर्धा ड्रम सव्वाशे किलोच्या आसपास जातो. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरलेला असतो. ड्रम शेजारी-शेजारी, गच्चीच्या मधोमध मांडू नयेत. तुळईवर किंवा खांबाजवळ, विटांवर उचलून ठेवा. इमारत जुनी असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय एकही ड्रम चढवू नका.

एप्रिल-मे मध्ये निळा ड्रम तापतो आणि कडेची मुळं भाजतात. बाहेरून चुना मारा किंवा गोणपाट गुंडाळा, पश्चिमेकडची बाजू सावलीत आणा आणि वर उसाच्या पाचटाचा चार बोटं जाड थर द्या. बोअरचं पाणी असेल तर आणखी एक पथ्य आहे. पाणी सतत खालून वर जात राहिल्याने क्षार वर साठतात आणि मातीवर पांढरी साय दिसते. लिंबाच्या पानांच्या कडा करपू लागल्या तर आधी हीच साय तपासा. दर महिन्या-दीड महिन्याला बूच काढून वरून बादली-दोन बादल्या चांगलं पाणी सोडा, क्षार धुऊन जाऊ द्या आणि मगच टाकी भरा. खत वरूनच, तेही मातीत मिसळून द्या. जीवामृत टाकीत ओतू नका, आतलं पाणी नासतं.

डासांबद्दल हयगय नको. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवा डास बाहेर पडतो. पाईपाच्या तोंडाला आणि कडेच्या भोकाला मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधा. घरात लहान मूल असेल तर हे आजच करा.

आता मृग बहाराचं. झाड तीन वर्षांच्या पुढचं, निरोगी आणि फळाविना असेल तरच त्याला मेच्या शेवटच्या आठवड्यात ताण द्या. बूच काढा, टाकी रिकामी करा, पाचट बाजूला सारा आणि पाणी बंद. जमिनीत महिना-सव्वा महिना लागतो तो ताण ड्रममध्ये आठ-दहा दिवसांतच बसतो, म्हणून रोज सकाळी झाड पाहायचं. दुपारी पानं मलूल होणं पुरेसं नाही. सकाळच्या गारव्यातही पानं मिटलेली, पिवळसर दिसली आणि चौथा हिस्सा गळली की ताण बसला. कोवळ्या फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या तर ताण जास्त झाला, त्याच दिवशी पाणी द्या. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं, वरून तीन-चार लिटर. दोन दिवसांनी त्याच्या दुप्पट, सोबत कंपोस्ट आणि निंबोळी पेंड. टाकी भरायची ती नवी पालवी दिसल्यावर. 7-8 जूनला मृग लागतो. पाऊस वेळेवर आला तर पुढचं पाणी तोच देतो, लांबला तर तुम्ही द्या.

पावसाआधी आणखी एक काम आहे आणि ते चुकवू नका. कडेचं भोक काडीने साफ करा. माझं पहिलं लिंबाचं झाड मी यातच गमावलं. मुळांनी भोक आतून बुजवलं होतं आणि जुलैच्या संततधारेत ड्रम काठोकाठ भरून राहिला. झाड उपटलं तेव्हा मातीला कुजका वास येत होता. मूळ चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून हातात यायची आणि आतला पांढरा दोरा तेवढा उरायचा. तेव्हापासून पावसाची झड लागली की मी तळाचं बूच काढूनच ठेवते. सप्टेंबरपर्यंत टाकीची गरज पडत नाही. लिंबाच्या बुंध्याला मेअखेर बुरशी रोखणारं बोर्डो मलमही लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवा, मग दोन्ही एकत्र करून त्याच दिवशी ब्रशने जमिनीपासून फुटा-दोन फुटांपर्यंत फासा. हातमोजे घाला, आणि उरलेलं मलम टाकीच्या पाईपात धुतलं जाणार नाही एवढं पाहा.