जुन्या चिरेबंदी घराला नवी खोली जोडायचीय? आधी हे बघा

आजोबांचं कोकणातलं घर पाडायचं नाहीये, पण टॉयलेट आत हवं, उभ्याचा ओटा हवा आणि मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या पोरांना एसी पण हवा, माझ्याकडे येणारा दर दुसरा क्लायंट हेच सांगतो. होतं सगळं, फक्त घाई नको.

आधी घराचा एक पावसाळा बघा. उन्हाळ्यात येऊन टेप लावून ड्रॉइंग काढलंत तर घर काहीच सांगत नाही. जुलैमध्ये छत्री घेऊन भोवती फिरा, पागोळ्या जोत्यापासून किती लांब पडतात, ओल भिंतीत कुठवर चढलीय ते खडूने खूण करून फोटो काढा. वासे भिंतीवर टेकतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा, लोण्यात गेल्यासारखा गेला तर ते टोक गेलं समजा. पण म्हणून अख्खा वासा बदलू नका, कुजलेलं कापून नवा तुकडा सांधता येतो, चांगल्या सुताराला जमतं.

आता भिंत. जांभा, म्हणजे हे चिरे ज्याचे असतात तो लाल सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो, त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ते पाणी आतच कोंडतं. मी पण हे शहाणपण करून बसलोय, पहिल्याच कामात पश्चिमेच्या भिंतीला मस्त गुळगुळीत सिमेंट, दुसऱ्या पावसात पापडासारखं फुगलं आणि मागचा चिरा नखाने उकरता येत होता. सगळं पदरच्या पैशाने काढून दिलं. तर चुनाच वापरा. कळीचा चुना टाकीत विरवून निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा, मग एकाला तीन नदीची वाळू. समुद्राची वाळू फुकट मिळाली तरी नको, मिठाने भिंत पांढरी फुलते. काम दिवाळीनंतर धरा, आठवडाभर ओलं गोणपाट लावा आणि वरून ऑइलपेंट नको, नाहीतर परत तेच.

नवी खोली जुन्या भिंतीला चिकटवू नका. आरसीसी आणि जांभा वेगवेगळे खचतात, सांध्याला चीर पडतेच. परसात चार-पाच फूट सोडून स्वतंत्र पाया घ्या, मधे हलक्या छपराची वाट. ते छप्पर जुन्या वळचणीच्या खाली सरकवा, दोन पाख्यांच्या, म्हणजे छपराच्या उतारांच्या, मधे पन्हळ आली की ती गळणार म्हणजे गळणारच. खोली दिसायला सरळ आजची ठेवा, मोठी काच चालेल, फायबरचे खोटे नक्षीदार खांब तेवढे नकोत प्लीज. एसी फक्त इथेच, कौलांखाली एसी म्हणजे चाळणीत पाणी. बाहेरचे स्क्रू 316 ग्रेडचे स्टेनलेस घ्या, 304 ला खाऱ्या वाऱ्यात तांबेरा चढतो.

विजयदुर्गासारख्या केंद्र संरक्षित किल्ल्याजवळ घर असेल तर हद्दीपासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम विसरा, पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते, दुरुस्तीलाही विचारावं लागतं.

कौलं उतरवताना फेकू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कौलं पत्त्यांसारखी उडाली होती, म्हणून परत चढवताना वळचणीच्या दोन-तीन ओळी तारेने रिपांना (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना) बांधा. आणि प्रत्येक कारखान्याच्या खाचा वेगळ्या असतात, नवं कौल जुन्यात नीट बसत नाही, तेव्हा चांगली जुनी सगळी पुढच्या पाख्याला लावा आणि नवा लॉट मागच्या.