केजीएफ बघायचं तर शाफ्टचं नाव विचारा

कर्नाटकातल्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींच्या गावाला, कोलार गोल्ड फील्ड्सला, म्हणजे केजीएफला, बंगळुरूहून गाडी करून जाऊ नका, रेल्वेनं जा. बंगारपेटला फाटा फुटतो. ती लाइन खाणींसाठीच टाकलेली. ऊरगाम, चॅम्पियन अशा पाट्या वाचत शेवटच्या मारिकुप्पमला उतरायचं. सकाळीच पोहोचा, दुपारी सावली मिळत नाही.

आधी मान वर करून हेडगिअर शोधा. मोठ्या चाकांचे ते लोखंडी सांगाडे जिथे दिसतील तिथे खाली शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, आहे. 1880 पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीनं खाणी चालवल्या. त्यांतली चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली. पुढे टनभर दगडातून निघणारं सोनं घटत गेलं, खर्च परवडेना, आणि 28 फेब्रुवारी 2001 ला सगळं बंद झालं. आता आत सोडत नाहीत. कुणी पैसे घेऊन नेतो म्हणाला तरी जाऊ नका.

गावाच्या कडेच्या करड्या टेकड्या म्हणजे सायनाइड डम्प. दगड दळून, सायनाइडनं सोनं काढून घेतल्यावर उरलेला हा चोथा. लांबूनच बघा, चढू नका. वारा सुटला की ती भुकटी डोळ्यांत, छातीत जाते. इथल्या लोकांनी ती वर्षानुवर्षं गिळली आहे.

मग बंगल्यांच्या रस्त्यानं कामगारांच्या खोल्यांच्या लाइनींकडे चालत जा. कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याची वीज 1902 मध्ये, बंगळुरूच्याही आधी, खाणींसाठी इथे आली. साहेबांचे बंगले आणि मजुरांच्या बुटक्या, चिकटून बांधलेल्या खोल्या एकाच दिवशी पाहिल्या की ती वीज कुणासाठी होती, हे कुणी सांगावं लागत नाही. मला त्याचा अजूनही राग येतो.

कोटिलिंगेश्वराचं देऊळ जवळ आहे; वेळ उरला तर जा.

माझे बाबा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होते. वैश्विक किरणांचा मारा वरच्या खडकानं अडावा म्हणून संस्थेनं चॅम्पियन रीफमध्ये खोलवर प्रयोग मांडले होते. 1965 मध्ये तिथे वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे खडकातूनही आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, खुणा सापडल्या. बाबा पुढे तिथल्या कामावर गेले आणि येताना एक दगड घेऊन आले. काळपट, मधून बोटभर पांढरी रेघ. लहानपणी मी त्यात सोनं शोधायची.

तो दगड घेऊन मी गेले. तुमच्याकडे दगड नसेल, पण प्रश्न तरी नीट विचारा. “सोनं कुठे आहे?” असं म्हणू नका. चहाच्या टपरीवर एखादे म्हातारे दिसले तर “अय्या, तुम्ही कुठल्या शाफ्टवर होता?” असं विचारा. अय्या ही तमिळमधली आदराची हाक. गाव तमिळ बोलतं, पण हिंदीत निभतं.

मी विचारलं तेव्हा एका आजोबांनी चहा खाली ठेवला. रॉकबर्स्ट झाला, म्हणजे खाली दाबानं खडक फुटला, की वर घरातली भांडी वाजायची आणि बायका चूल सोडून शाफ्टकडे पळायच्या, असं ते सांगत होते. मी दगड पुढे केला. त्यांनी अंगठा जिभेला लावून पांढरी रेघ ओली केली, उन्हाकडे तिरपी धरली. “क्वार्ट्झ. सोनं असलं तर यातच, पण डोळ्यांना दिसत नाही.” मग काळ्या भागावरून हळूच बोट फिरवत म्हणाले, “ह्यात आम्ही भोक पाडायचो.”

त्यांचा चहा निवला होता. मी दोन नवे सांगितले.