सपाट कालव्याचा भरवसा : कॅनाल द्यु मिदीवर सायकलने जाताना या चुका टाळा

विमान उद्योगामुळे दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझमध्ये स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींना उन्हाळा जवळ आला की पुण्या-मुंबईहून ठरावीक स्वरूपाचे निरोप येऊ लागतात : ‘जूनमध्ये येतो आहोत, कालव्याच्या काठाने सायकलवरून थेट समुद्र गाठायचा आहे, दोन दिवस पुरतील ना?’ पुरत नाहीत. मात्र हे उत्तर सहसा कोणाला पटत नाही आणि पुढे ज्या अडचणी येतात त्या इतक्या साचेबद्ध असतात की एकदाच सविस्तर लिहून ठेवणे बरे, असे वाटू लागले आहे.

कॅनाल द्यु मिदी तुलूझपासून भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत सुमारे २४० किलोमीटर जातो. प्येर-पोल रिके यांच्या योजनेनुसार १६६६ ते १६८१ या काळात तो खोदला गेला आणि १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. काठावरची वाट मुळात नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती, सायकलींसाठी नव्हे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढचे निम्मे घोटाळे टळतील.

सपाट म्हणजे झटपट, हा हिशेब

पुण्यात ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि या मार्गावर सर्वांत जास्त फसतात तेही तेच. दोनशे किलोमीटरचे ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरे करायचे असते; ज्याने सिंहगड रस्त्याची वर्दळ आणि घाट सोसून ते केले आहे, त्याला चढ नसलेला २४० किलोमीटरचा कालवा म्हणजे दीड दिवसाचे काम वाटते. त्यातच तुलूझहून निघाल्यावर पहिले सुमारे ५० किलोमीटर गुळगुळीत डांबरी वाट लागते, त्यामुळे हा गैरसमज अधिकच पक्का होतो. ही वाट नोरूझच्या उंचवट्याजवळ संपते. समुद्रसपाटीपासून सुमारे १८९ मीटर उंचीचे हे ठिकाण कालव्याचा माथा आहे : इथून एका बाजूचे पाणी अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूचे भूमध्य समुद्राकडे उतरते. जिल्हाही इथेच बदलतो आणि ओद जिल्ह्यात शिरताच वाटेचे रूप पालटते. माती, खडी, गवतातून गेलेली चाकभर रुंदीची चाकोरी आणि जमिनीतून वर आलेली चिनाराची मुळे. काही भागांची दुरुस्ती झाली आहे, सगळ्यांची झालेली नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून चौघांचा एक गट आला होता. चौघेही कसलेले, सायकली शर्यतीच्या, टायर २५ मिलिमीटरचे. टायर बदला किंवा इथे भाड्याने सायकली घ्या, असे मी दोनदा सांगितले. त्यावर ‘आम्ही याच टायरांवर सहाशे केले आहे’ असे उत्तर मिळाले. पहिल्या दिवशी दुपारीच कास्तेलनोदारीहून छायाचित्रे आली आणि त्यांत मला उद्देशून थोडा खवचटपणाही होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला ब्रामहून फोन आला. कास्तेलनोदारीपासून ब्राम कालव्याच्या वाटेने जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर आहे आणि ही मंडळी सकाळी आठला निघाली होती.

गाडी घेऊन पोहोचलो तेव्हा लॉकशेजारच्या (नावांना वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या जलद्वाराशेजारच्या) गवतावर ट्यूबा पसरलेल्या होत्या. एक ट्यूब पाण्यात धरून पाहिली तर समोरासमोर दोन बारीक चिरा आणि दोन्हींतून बुडबुडे येत होते. असे पंक्चर काट्याने होत नाही. मुळावर चाक आदळले की टायर पार दबतो आणि ट्यूब मूळ व रिम यांच्या कात्रीत सापडते. हादरे कमी बसावेत म्हणून त्यांनी चाकांतली हवा कमी केली होती. अरुंद टायरमध्ये तसे केले की हा प्रकार हमखास घडतो. सामान सगळे मागच्या कॅरियरवर, त्यामुळे एकाच्या मागच्या चाकाच्या दोन तारा तुटलेल्या. जादा ट्यूबा आणि ठिगळे संपलेली. तशातही त्यांच्यातला एक जण कालवा सोडून मुख्य रस्त्याने, म्हणजे डी ६११३ ने, रातोरात कार्कासोन गाठण्याची भाषा करत होता. तो रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग; त्यावर अवजड वाहने धावतात. सामान लादलेल्या, तार तुटलेल्या सायकलने संधिप्रकाशात त्यावर जाणे याला मी धाडस म्हणत नाही. त्यांच्या सायकलींच्या चौकटीत रुंद टायर बसतच नव्हते, म्हणून उरलेला प्रवास त्यांनी आगगाडीने केला.

माझी स्वतःची पद्धत अगदी साधी आहे आणि ती कोणाला मंद वाटली तरी माझी हरकत नाही. टायर ४० मिलिमीटरचे; ३५ च्या खाली जाऊ नये. जड सामान पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, हलके मागे. डांबरी वाटेवर दिवसाला ऐंशी किलोमीटर चालतील, पण नोरूझच्या पुढे पन्नास, फार तर साठ. चार वाजता मुक्कामाला पोहोचायचे. पाऊस झाला असेल तर एक दिवस थांबायचे, कारण तिथली चिकणमाती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरायचे थांबते, आणि मग काटकीने ती उकरत बसण्यात दुपार जाते.

आर्जांपासून बेझिएपर्यंत सुमारे ५४ किलोमीटर कालव्यावर एकही लॉक नाही. पाण्याची पातळी एकच ठेवण्यासाठी कालवा टेकड्यांच्या कडेकडेने वळसे घेत जातो, म्हणून रस्त्यावरच्या पाटीवरचे अंतर आणि तुमचे अंतर यांचा मेळ बसत नाही. कापेस्तांगच्या चर्चचा मनोरा दिसू लागला की लोकांना गाव आले असे वाटते. गाव यायला अजून बराच अवकाश असतो. इथे अधीर माणसे फोनवरचा नकाशा उघडतात, तो द्राक्षमळ्यांतून ‘जवळचा’ रस्ता दाखवतो आणि तो रस्ता कोणाच्या तरी कुलूपबंद फाटकापाशी संपतो. कालवा सोडायचाच असेल तर कागदी मिशेलिन नकाशावर पांढऱ्या रंगात दाखवलेले रस्ते धरावेत, नाइलाजाने पिवळे, तांबडे कधीच नाही.

ज्यांना वेगच हवा आहे, त्यांनी तुलूझहून उलट दिशेने जावे. गारोन नदीला समांतर जाणारा, १८५६ मध्ये पूर्ण झालेला कालवा १९३ किलोमीटरचा आहे आणि त्याची वाट जवळपास सर्वत्र डांबरी आहे. म्वासाक आणि आजाँ या गावांवरून ती पुढे बोर्दोच्या दिशेने जाते. नवख्यांना मी आता हाच मार्ग सुचवतो. पण त्याची छायाचित्रे कमी प्रसिद्ध असल्यामुळे ते नाराज होतात.

जुनी छायाचित्रे पाहून उन्हाचा अंदाज बांधणे

दुतर्फा चिनारांची कमान असलेली छायाचित्रे खरी आहेत, पण त्यांतली बरीच झाडे आता नाहीत. कार्कासोनजवळच्या व्हिलद्युबेर इथे २००६ मध्ये या झाडांना जडणारा बुरशीचा असाध्य रोग आढळला. कालव्याकाठी अशी सुमारे ४२,००० झाडे होती. रोगट झाडे तोडून जाळावी लागतात आणि ते काम वर्षानुवर्षे चालू आहे. नवी रोपे लावली जात आहेत; त्यांची सावली पुढच्या पिढीला मिळेल. जुलैमध्ये बाराच्या पुढे या उघड्या भागांत सायकल चालवू नये. सकाळी साडेसहाला निघावे. सायकलस्वार मंडळींना हे शिकवण्याची गरज नसावी, परंतु हॉटेलची न्याहारी आठला सुरू होते या कारणासाठी नऊला निघणारे मी दर वर्षी पाहतो.

गावाचे घड्याळ न पाहणे

ही चूक माझ्या विशेष रागाची आहे, कारण ती टाळायला पैसा लागत नाही की ताकद. फ्रान्समधल्या लहान गावात दुपारी साडेबारा ते अडीच-तीनपर्यंत दुकान बंद असते. रविवारी बेकरी सकाळी उघडी असते, दुपारनंतर काहीही मिळत नाही, आणि सोमवारी पुष्कळ ठिकाणी तीच बेकरी साप्ताहिक सुट्टीवर असते. जेवण देणाऱ्या जागा बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर. अडीच वाजता आत जाऊन ‘काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याला फक्त कॉफी मिळते. त्यात १ मे, १४ जुलै आणि १५ ऑगस्ट या सुट्ट्या मिळवा. नाशिकचे एक दांपत्य रविवारी दुपारी दोनला लॉकवरच्या एका वस्तीत पोहोचले आणि चिवड्याच्या अर्ध्या पुड्यावर त्यांनी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सोमवार असल्याचे त्यांना बेकरीच्या बंद दारासमोर कळले. पुढे मला त्यांनी विचारले, ‘हे कोणी सांगत कसे नाही?’ तर आता सांगितले आहे.

शनिवारी संध्याकाळीच मी सोमवार दुपारपर्यंतचे सामान पिशवीत भरतो : पाव, टिकाऊ चीज, टोमॅटो, उकडलेली अंडी, सुकामेवा. शाकाहारी मंडळींनी कास्तेलनोदारीत विशेष जपावे. तिथला कास्सुले हा पदार्थ वरवर पांढऱ्या घेवड्याच्या उसळीसारखा दिसतो, पण त्यात बदक आणि डुकराचे मांस असते. डब्यातल्या तयार कास्सुलेतही असते. पाण्यासाठी गावाची दफनभूमी शोधावी, तिथे बहुधा नळ असतो. मात्र ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचे नाही. आणि दुकानात शिरताच आधी ‘बाँझूर’ म्हणावे. थेट प्रश्न विचारणाऱ्याला इथे उद्धट समजतात आणि उत्तरही तसेच मिळते.

उजवीकडून येणाऱ्याकडे दुर्लक्ष

उजव्या बाजूने चालवायचे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरीही पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर आपला भारतीय हात डावीकडे वळतोच. त्याहून धोकादायक म्हणजे उजवीकडून येणाऱ्याच्या अग्रहक्काचा नियम. गावातल्या ज्या चौकात पाटी वा सिग्नल नसतो, तिथे उजव्या गल्लीतून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते, मग ती गल्ली कितीही किरकोळ असो. तिथला मोटारवाला न थांबता बाहेर येतो आणि कायद्याने तो बरोबर असतो. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला दिसला तर अग्रहक्क तुमचा. तोच खोडलेला दिसला की हक्क संपला.

वारा न पाहता दिशा ठरवणे

आग्नेयेकडून येणारा ओताँ नावाचा वारा लोरागेच्या मैदानात दिवसेंदिवस वाहतो, आणि तुलूझहून समुद्राकडे जाणाऱ्याच्या तो थेट तोंडावर येतो. पश्चिमेचा सेर्स असेल तर मात्र तोच तुम्हाला ढकलत नेतो. सुदैवाने तुलूझ–कास्तेलनोदारी–कार्कासोन–नार्बोन–बेझिए–आग्द–सेत हा लोहमार्ग बऱ्याच अंशी कालव्याच्या सोबतीने जातो. निघण्याच्या आदल्या दिवशी मेतेओ-फ्रान्स या हवामान खात्याचा अंदाज पाहावा आणि ओताँ असेल तर आगगाडीने कालव्याच्या समुद्राकडच्या टोकाजवळच्या सेतला जाऊन तिथून उलट यावे. ‘पण आम्ही तर समुद्राला पोहोचायचे ठरवले होते’ या भावनिक युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही.

किरकोळ, पण वारंवार

पाठीवर सॅक घेऊन सायकल चालवू नये. स्टोव्हचा गॅस विमानातून नेता येत नाही, तो इथेच घ्यावा आणि आपल्या स्टोव्हला आट्यांचा डबा लागतो की दाबून बसणारा हे आधी पाहावे. कानात इअरफोन घालून सायकल चालवणे २०१५ पासून बेकायदा आहे. गावाबाहेर रात्री किंवा अंधुक प्रकाशात चमकणारे जाकीट सक्तीचे आहे. जुन्या कमानी पुलांखाली वाट अरुंद होते आणि समोरचे दिसत नाही, तिथे घंटी वाजवून हळू जावे किंवा उतरावे. मासे धरणाऱ्यांचे लांबलचक गळ वाटेवर आडवे असतात. त्यांवरून चाक गेले तर जे फ्रेंच ऐकायला मिळते ते कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. ‘रूत बारे’ अशी पाटी असेल तर पुढे खरोखरच वाट बंद असते.

परतीच्या गाडीचा विचार शेवटी करणे

प्रादेशिक टेर गाड्यांत सायकल नेता येते, पण जागा मोजक्या असतात, आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावरून निघणाऱ्या दुपारच्या गाड्यांत त्या हमखास भरलेल्या असतात. तेजेव्हे या अतिवेगवान गाड्यांमध्ये सायकलसाठी वेगळे आरक्षण लागते आणि प्रत्येक गाडीत तशी सोय नसते. नाहीतर चाके काढून ती ठरावीक मापाच्या पिशवीत बसवावी लागते. पॅरिसचे विमान संध्याकाळी आणि सेतहून गाडी त्याच सकाळी, असे वेळापत्रक कोणी दाखवले की मी पुढे बोलतच नाही. मध्ये एक पूर्ण दिवस ठेवावा. फलाटावर गाडी येण्याआधीच सायकलवरच्या सगळ्या पिशव्या उतरवून हातात घ्याव्यात, कारण डब्यात सायकल बऱ्याचदा पुढचे चाक वर करून हुकाला टांगावी लागते, पंचवीस किलो सामानासकट ती उचलली जात नाही, आणि गाडी तर दोनच मिनिटे थांबते.