पेनड्राइव्ह लावण्याआधी अँटिव्हायरस तपासा

खानापूरहून बेळगावला उताऱ्याची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह नेलात, तर घरी आल्यावर तो लगेच उघडू नका. त्यावर राइट-क्लिक करून आधी स्कॅन करा. माझ्या पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर एकदा असेच शॉर्टकट होऊन बसले. मुलीच्या दहावीच्या नोट्स त्यातच! फाइली गेल्या नव्हत्या, व्हायरसने नुसत्या लपवल्या होत्या, पण ते कळेपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आतच असतो, फुकट. घरच्या साध्या वापराला तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र नव्या लॅपटॉपवर दुसऱ्या अँटिव्हायरसची ट्रायल असेल तर डिफेंडर बाजूला होतो. ट्रायल संपली की पैसे भरा, नाहीतर तो अँटिव्हायरस काढूनच टाका. मग ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये जाऊन ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू आहे का बघा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, मशीन रखडतं. विकत घ्यायचाच असेल तर अँटिव्हायरसची चाचणी घेणाऱ्या ‘एव्ही-टेस्ट’ या संस्थेचे ताजे निकाल बघून घ्या.

आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मशीनवर विंडोज ११ चालत असेल तर आधी ते टाकून घ्या, अँटिव्हायरसचं नंतर बघू.