लाकडी जहाजाचं दोरकाम: कप्प्या, डेडआय आणि गाठी हाताळायच्या कशा

लाकडी जहाजाच्या किटमध्ये सांगाडा आणि फळ्या हा भाग दिसतो तितका अवघड नसतो. बहुतेक मॉडेलं अडतात ती डोलकाठ्या उभ्या राहिल्यावर. समोर ३ मिमीच्या कप्प्या असतात, ५ मिमीचे डेडआय, म्हणजे तीन भोकांच्या गोल चकत्या असतात आणि शेकडो गाठी मारायच्या असतात. अशा वेळी ‘धीर धरा, सरावाने जमेल’ हा ठरलेला सल्ला मिळतो, आणि तो कुचकामी आहे. बारीक भाग निसटतात किंवा वाकडे बसतात त्याचं कारण बहुतेक वेळा थरथरणारा हात नसतो. टेबलावर करायचं काम जहाजावर लटकत केलं, हे खरं कारण असतं. जे टेबलावर पूर्ण होऊ शकतं ते तिथेच पूर्ण करा आणि जहाजावर फक्त बसवा.

सांगाड्याबद्दल थोडक्यात. आडवे साचे कण्याला काटकोनात चिकटवा. त्यांच्या कडा इतक्या तिरक्या घासा की पट्टी प्रत्येक साच्यावर सपाट टेकेल. पट्ट्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवून वळवा, आणि लावताना एक डावीकडे, एक उजवीकडे असं चालू द्या. एकच बाजू आधी भरली तर कणा पिळवटतो आणि पुढे कितीही घासलं तरी तो सरळ होत नाही.

टेबल आणि हत्यारं

टोकदार चिमट्याने लहान भाग जोरात दाबला की चिमट्याची टोकं एकमेकांवरून सरकतात आणि कप्पी उडते. त्यामुळे दोन चिमटे घ्या. एक चपट्या टोकाचा, आणि दुसरा उलटा, म्हणजे दाबल्यावर उघडणारा आणि सोडल्यावर धरून ठेवणारा. उलट्या चिमट्यात पकड स्प्रिंगची असते, बोटांना फक्त दिशा द्यायची असते. टेबलावर उभ्या कडांचा ट्रे ठेवा आणि त्यात फिक्या रंगाचं कापड अंथरा. तयार झालेले भाग चिकट बाजू वर करून ताणलेल्या मास्किंग टेपवर ओळीने लावत जा.

भाग खाली पडलाच तर लगेच खुर्ची सरकवू नका. टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा, २ मिमीच्या कप्पीचीही लांब सावली पडते. तरीही सापडला नाही तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ मोजा बांधून फिरवा. लोहचुंबकाचा इथे काही उपयोग नाही, कारण हे भाग लाकडाचे आणि पितळेचे असतात.

कप्प्या

किटमधल्या कप्प्या चौकोनी आणि खरखरीत असतात. आतून पॉलिश पेपर लावलेल्या बरणीत टाकून त्या भरपूर हलवल्या की कोपरे गोल होतात. मग प्रत्येक भोक हातड्रिलने, म्हणजे पिन व्हाइसने, मोकळं करा. साधारण दोऱ्याला ०.६ ते ०.८ मिमीचं ड्रिल पुरतं. ही पायरी गाळू नका. जहाजावर बांधलेल्या कप्पीचं भोक बुजलेलं निघालं तर ती सोडवून पुन्हा बांधावी लागते.

दोऱ्याचा वेढा घालताना कप्पी हातात धरायची नाही. लाकडाच्या तुकड्यात सुई उभी ठोका आणि कप्पीचं भोक त्या सुईत अडकवा. मग वेढा घाला, बारीक दोऱ्याचे पाच-सहा फेरे घेऊन आवळा आणि डिंकाचा एक थेंब द्या. क्लिपचा स्टँड वापरणार असाल तर क्लिपच्या दातांवर रबरी नळी चढवा, नाहीतर लाकडावर दातांचे खड्डे पडतात. एकेक कप्पी पूर्ण करण्यापेक्षा सगळ्यांची भोकं एका दमात आणि सगळ्यांचे वेढे एका दमात घ्या. हात त्या एका हालचालीवर बसतो आणि सगळ्या कप्प्या सारख्या दिसतात.

सुपरग्लूची जागा एकच. दोऱ्याचं शेवटचं २ सेंमी टोक त्यात बुडवा, वाळवा आणि ब्लेडने तिरकं कापा, म्हणजे ओवायला सुई तयार होते. गाठींवर मात्र सुपरग्लू लावू नये. दोरा काळपट आणि काचेसारखा कडक होतो, आणि गाठीच्या कडेलाच तुटतो. गाठींसाठी पांढरा डिंक आणि पाणी समप्रमाणात घ्या आणि सुईच्या टोकाने लावा.

खरी अडचण: डेडआय आणि श्राउड

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे जाड दोर म्हणजे श्राउड. प्रत्येक श्राउडच्या खालच्या टोकाला तीन भोकांची गोल लाकडी चकती असते, ती डेडआय. तशीच दुसरी चकती जहाजाच्या कडेला पक्की असते, आणि दोघींमधून लॅनियार्ड नावाचा बारीक दोर ओवून ताण आणतात. मॉडेलमध्ये सर्वाधिक चुका इथेच होतात. वरच्या डेडआयची ओळ वरखाली झाली तर ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतं.

पहिली चूक खालच्या चकतीपाशीच होते. तिला धरणारी पितळी चेनप्लेट नकाशावरून माप घेऊन सरळ खाली ठोकतात. तसं करू नका. डोलकाठीच्या माथ्यापासून, जिथे श्राउड अडकणार तिथून, एक दोरा ताणून डेडआयच्या जागेवरून जहाजाच्या कुशीपर्यंत आणा. तो दोरा जिथे टेकेल तिथे खिळ्याची खूण करा. चेनप्लेट श्राउडच्याच रेषेत हवी, म्हणजे पुढची उभी आणि मागच्या एकेक जास्त तिरक्या होत जातात. पितळेचे भाग काळे करायचे असतील तर बसवण्याआधी करा, आणि त्याआधी तेलकटपणा धुऊन काढा, नाहीतर डाग पडतात.

दुसरी चूक म्हणजे दोन चकत्यांमधलं अंतर नजरेने ठरवणं. कडक तारेचा इंग्रजी यू अक्षरासारखा तुकडा वाकवा आणि त्याची दोन्ही टोकं काटकोनात पुढे वळवा. एक टोक खालच्या डेडआयच्या भोकात जातं, दुसरं वरच्या. नकाशातलं अंतर या तारेत एकदाच पक्कं करायचं. वरचा डेडआय तारेवर टांगा, श्राउड त्याच्याभोवती खाचेतून फिरवून वर दुमडा आणि उलट्या चिमट्याने धरा. मग बारीक दोऱ्याने तीन ठिकाणी बांधा: चकतीला लागून, मध्ये आणि टोकाशी. वरच्या आणि खालच्या चकतीची भोकं आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटसुलट हवीत. दोन्ही एकाच दिशेला बसवल्या तर लॅनियार्ड तिरका जातो आणि ताण आल्यावर चकती फिरते.

तिसरी चूक सर्वांत महागात पडते, ती म्हणजे एकेक श्राउड पूर्ण ताणून पुढे जाणं. पहिल्याने डोलकाठी स्वतःकडे ओढलेली असते, दुसऱ्या बाजूचा तिला परत ओढतो, आणि तोवर पहिला सैल पडलेला असतो. श्राउड जोडीने लावतात: एकाच दोराचा मधला भाग माथ्याभोवती आणि दोन्ही टोकं एकाच बाजूला खाली. पहिली जोडी उजवीकडे सर्वांत पुढे, दुसरी डावीकडे सर्वांत पुढे, मग पुन्हा उजवीकडे. लॅनियार्ड वरच्या चकतीच्या आतल्या बाजूला गाठ मारून सुरू करा, सगळी भोकं ओवा, पण आवळू नका. त्या डोलकाठीचे सगळे श्राउड लागल्यावरच ताणायला घ्या. डावा थोडा, समोरचा उजवा थोडा, आणि मधून मधून डोलकाठी पुढून आणि बाजूने तपासा. दोर वाजेपर्यंत ओढायचं नाही. ढील गेली की थांबा. डोलकाठी सरळ आणि चकत्यांची ओळ एकसारखी दिसली की मगच लॅनियार्डची टोकं बांधा.

लॅनियार्ड मधमाशीच्या मेणातून ओढला की भोकातून सहज सरकतो. पण जिथे गाठीला डिंक लावायचा आहे तो दोरा मेणाशिवाय ठेवा, कारण मेणावर पाण्यातला डिंक धरत नाही.

रॅटलाइन

खलाशी ज्या आडव्या दोरांवर पाय ठेवून वर चढत त्या रॅटलाइन. खऱ्या जहाजावर त्यांच्यातलं अंतर ३३ ते ३८ सेंमी असे. म्हणजे १:४८ मापात ७-८ मिमी, १:६४ मध्ये ५-६ मिमी आणि १:९६ मध्ये जेमतेम ४ मिमी. सहा श्राउड आणि चाळीस ओळी धरल्या तरी एका बाजूला २४० गाठी होतात, तेव्हा एका बैठकीत संपवायच्या नादी लागू नका. हात दमला की ओळी तिरक्या जातात.

पांढऱ्या कार्डावर या अंतराने रेघा आखा आणि ते श्राउडच्या मागे लावा. रेघा जहाजाच्या पाणरेषेला समांतर हव्यात, डेकच्या कडेला नव्हे. खालून वर जा. मधल्या प्रत्येक श्राउडवर क्लोव्ह हिच नावाची गाठ मारतात. दोरा श्राउडच्या पुढून नेऊन मागून फिरवा, स्वतःवरून तिरका ओलांडून पुन्हा मागून फिरवा आणि त्या तिरक्या वेढ्याखालून बाहेर काढा. कडेच्या दोन श्राउडना साधी गाठ चालते.

इथे एकच धोका आहे. प्रत्येक गाठ आवळताना श्राउड थोडा आत ओढला जातो, आणि वीस ओळींनंतर सगळी जाळी मध्ये बारीक झालेली दिसते. हे झाल्यावर दुरुस्त होत नाही, सगळं कापावं लागतं. म्हणून आधी श्राउडवर तीन-चार ठिकाणी कडक तार आडवी बांधून अंतर धरून ठेवा. गाठ खेचून नव्हे, चिमट्याने जागेवर ढकलून बसवा आणि दोन श्राउडमध्ये दोरा अगदी किंचित सैल सोडा. दर पाच ओळींनी बाजूने बघा. श्राउड वाकलेला दिसला तर शेवटची ओळ सोडून पुन्हा बांधा, तेवढ्यानेच तो सरळ होतो.

टोकं लगेच कापू नका. डिंक रात्रभर वाळू द्या, मगच नेलकटरने गाठीला लागून कापा. कात्रीचं पातं शेजारचा श्राउड हमखास पकडतं.

शेवटचा क्रम

शिडाच्या आडव्या काठ्या, म्हणजे यार्ड, जहाजावर चढवण्याआधी त्यांच्या सगळ्या कप्प्या आणि लोंबते दोर टेबलावरच बांधून घ्या. मग चालते दोर, म्हणजे शिडं आणि यार्ड हलवणारे दोर, आतून बाहेर आणि खालून वर लावा. दोर बांधायचे डेकच्या मधले खुंटे आधी भरा, कारण बाजूचे दोर ताणल्यावर तिथे चिमटाही पोचत नाही. दोर खुंट्यावर दोन फेरे घेऊन डिंकाने धरा आणि उरलेला कापून टाका. खुंट्यावर टांगलेलं दोराचं वेटोळं मात्र वेगळं बनवायचं. फळीत दोन टाचण्या ठोकून त्यांच्याभोवती दोरा गुंडाळा, पातळ डिंक लावा, अर्धवट ओला असताना काढून खुंट्यावर अडकवा आणि बोटाने खाली दाबा, म्हणजे ते वजनाने लोंबल्यासारखं दिसतं.