लॅटिस एनर्जीचं उत्तर चुकलं? चुकलेला आकडा नीट बघा

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची गर्दी ओसरली की सोलापुरातल्या क्लासेसमध्ये उजळणीला जोर येतो. लॅटिस एनर्जी म्हणजे वायुरूप आयन एकत्र येऊन स्फटिक बनताना सुटणारी ऊर्जा; ती बाकीच्या पायऱ्यांच्या ऊर्जांवरून काढायची रीत म्हणजे बॉर्न-हेबर सायकल. ती आली की मोहोळ-अक्कलकोटहून एसटीनं येणाऱ्या पोरांच्या वह्यांत त्याच त्या चुका दिसतात. माझं सांगणं एकच: चुकलेलं उत्तर लगेच खोडू नका. कुठे घसरलात ते त्या आकड्यातच असतं.

साधं मीठ घ्या. सोडियम क्लोराइडची निर्मिती एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून ते बनतानाचा ऊर्जाबदल) −411, सोडियमचं संप्लवन (घनाची थेट वाफ) 108, आयनीभवन (इलेक्ट्रॉन काढणं) 496, क्लोरीनची बंध ऊर्जा (रेणू फोडून दोन अणू करायची) 242, इलेक्ट्रॉन अफिनिटी (अणूनं इलेक्ट्रॉन घेतानाचा ऊर्जाबदल) −349. सगळं किलोज्यूल प्रति मोलमध्ये. −411 मधून बाकी सगळं वजा केलं की लॅटिस एनर्जी −787 येते. तुमचं −908 आलं असेल, तर 242 अख्खे घेतलेत. इथं क्लोरीनचा एकच अणू लागतो, म्हणून निम्मे, 121. आणि −1485 आलं, तर अफिनिटीचं चिन्ह चुकलं: वजा 349 वजा करायचे म्हणजे 349 मिळवायचे. ही पायरी मनातल्या मनात करू नका, कंस घालून लिहा.

खरी दमछाक मॅग्नेशियम क्लोराइडला होते. निर्मिती −641, संप्लवन 148, आयनीभवन पहिलं 738 आणि दुसरं 1451, क्लोरीनचे आकडे तेच. उत्तर −2522. मिठाची सवय हाताला लागलेली असते, म्हणून इथंही 242 निम्मे होतात आणि −2401 येतं. अणू दोन आहेत, 242 पूर्ण घ्या. अफिनिटीही दोनदा, एकदाच घेतली तर −2871. सर्वांत जास्त दिसतं ते −1784. दुसऱ्या आयनीभवनात पहिलं धरलेलंच आहे, असं समजून 738 सोडून दिलेले असतात. 1451 फक्त दुसऱ्या इलेक्ट्रॉनचे आहेत.

काही पुस्तकं स्फटिक फोडायची ऊर्जा देतात, तिथं हाच आकडा धन असतो. प्रश्न आधी पूर्ण वाचा.

लॅटिस एनर्जी आयनांमधल्या अंतरावरून थेट काढायचं सूत्र म्हणजे बॉर्न-लांदे. त्यात अंतर पिकोमीटरमध्येच ठेवलं, तर उत्तर कुठच्या कुठे जातं. मिठाच्या 282 पिकोमीटरचे मीटर करून घ्या. मॅडेलुंग स्थिरांक, म्हणजे स्फटिकातल्या सगळ्या आयनांच्या ओढाताणीची बेरीज सांगणारा आकडा, हाही रचनेप्रमाणे बदलतो: मिठाला 1.7476, सीझियम क्लोराइडला 1.7627. एवढं सांभाळून, बॉर्न घातांक (आयन जवळ आल्यावरचं प्रतिकर्षण किती झपाट्यानं वाढतं ते सांगणारा आकडा) 8 धरून, मिठाचं उत्तर −753 च्या आसपास येतं. −787 शी ते जुळत नाही, पण तुमचं गणित बरोबरच आहे. हे सूत्र आयनांना निव्वळ विद्युतभारित गोळे मानतं, त्यामुळे तेवढा फरक राहतोच.